जुन्या डेस्कटॉपमध्ये आधी काय बदलायचं? कमी पैशांत अपग्रेडचा क्रम

सोलापुरात घरोघरी अजून जे डेस्कटॉप चालू आहेत, त्यांतले बरेचसे एकाच साच्याचे आहेत. इंटेलचा दुसऱ्या ते चौथ्या पिढीतला आय३ किंवा पेंटियम, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. बटण दाबून चहा ठेवला तर चहा गाळून होतो, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असतं. दुकानात नेलं की सांगतात, प्रोसेसर जुना झाला, नवीनच घ्या. घरी टॅली, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म आणि थोडंफार फोटोशॉप एवढंच होत असेल, तर या मशीनमध्ये प्रोसेसर अडवतोय असं क्वचितच निघतं. अडतं ते डिस्कपाशी, मग रॅमपाशी, आणि सोलापूरच्या हवेत बऱ्याचदा धुळीपाशी.

पैसे थोडे असतील तर दोन गोष्टी धरून चाला. मशीन नेमकं कुठं अडतंय ते आधी मोजा. आणि उद्या कॅबिनेट बदललं तरी सोबत नेता येईल अशा भागावर जास्त खर्च करा. एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क), चांगला एसएमपीएस, यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड हे सगळं पुढच्या मशीनला लागतं. डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम, जुन्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा) प्रोसेसर आणि जुना बोर्ड याच मशीनबरोबर संपतात.

एक संध्याकाळ मोजण्यासाठी

मशीन सुरू करून दहा मिनिटं थांबा. मग रोजचं काम नेहमीसारखं उघडा: ब्राउझरचे आठ-दहा टॅब, टॅली, एक्सेल, जे काही असेल ते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स या टॅबवर जा.

डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम सतत ९५ ते १०० टक्क्यांवर आणि खाली वाचन-लेखनाचा वेग मात्र एक-दोन एमबी, कधी तर काहीशे केबी, असं दिसलं तर दोष डिस्कचा. हा आकडा बघून लोक गोंधळतात. डिस्क एवढी कामात आहे, मग वेग इतका कमी कसा? फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी फिरते, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी आणखी ४ मिलिसेकंद. दोन्ही मिळून एका उडीला १३ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ७५-८० उड्या झाल्या. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. ४ केबीचा एक तुकडा धरला तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपासच हाती येतं. तीच डिस्क एक मोठा सिनेमा सलग कॉपी करताना १०० एमबीच्या पुढे जाते, म्हणून ती बिघडलेली वाटत नाही. एसएसडीत सरकणारं डोकंच नसतं, त्यामुळे सेकंदाला हजारो उड्या सहज होतात. जुन्या मशीनमध्ये एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही भागानं पडत नाही.

मेमरीच्या पानावर ‘इन यूज’ ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि ‘कमिटेड’चा आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा मोठा असेल, तर रॅम कमी पडतेय. त्याच पानावर किती स्लॉट भरले आहेत तेही दिसतं, ते लिहून ठेवा.

सीपीयू बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल तर लगेच प्रोसेसरवर बोट ठेवू नका. प्रोसेसेसच्या टॅबवर कोण खातंय ते बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र चालणं, ब्राउझरमधली कुठलीशी एक्स्टेंशन किंवा पार्श्वभूमीत चाललेला विंडोज अपडेट, यांतलंच काहीतरी बहुधा निघतं. एचडब्ल्यूमॉनिटर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तापमानही बघा. काम चालू असताना ९० अंशांच्या पुढे जात असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करू शकतो. इथं नवीन प्रोसेसर घेण्याआधी पंखा साफ करायला हवा.

आणखी दोन मोफत सॉफ्टवेअर हाताशी ठेवा. सीपीयू-झेड बोर्डाचं मॉडेल, प्रोसेसर आणि रॅमचा प्रकार सांगतं. क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची तब्येत सांगतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या रॉ व्हॅल्यू शून्य असाव्यात. सी५ मध्ये आकडा दिसला आणि वर ‘कॉशन’ आलं तर बाकी सगळं थांबवून आधी फोटो, हिशोब, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब आहे. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलली की काम होतं.

ही माहिती एका कागदावर लिहून मगच दुकानात जा. ‘आय३ आहे, रॅम द्या’ एवढं सांगून घेतलेली रॅम परत करायला पुन्हा फेरी पडते.

धूळ, लव आणि मे महिना

इथला उन्हाळा कोरडा, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या बाजूला, किंवा जिथं भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात तिथं हवेत सुताची बारीक लव असते. ही लव साध्या धुळीपेक्षा वाईट. वरून बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर थोडी करडी धूळ दिसते आणि माणूस म्हणतो, एवढी काही घाण नाही. पंखा वर उचलला की खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांवर लव आणि धूळ मिळून जमलेली गादी दिसते, जुन्या टॉवेलच्या तुकड्यासारखी, चिमटीत धरून अख्खी उचलता येते. पंखा जोरात फिरत असतो, पण हवा त्या गादीखाली पोचतच नाही.

साफ करायला वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं तो मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. कोपऱ्यांना रंगाचा एक इंची कोरडा ब्रश पुरतो. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला टेकवू नका, स्थिर विजेनं चिप जाऊ शकते. एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. त्याला बाहेरूनच जाळीतून हवा मारा.

तीन-चार वर्षं थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला लेप) बदलली नसेल तर तीही बदला. कूलर काढण्याआधी मशीन पाच मिनिटं चालवा, पेस्ट मऊ होते. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर हे फार महत्त्वाचं आहे, कारण सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. तिथं कूलर सरळ ओढू नका, आधी डावीकडे-उजवीकडे हलका पिळा द्या. इंटेलच्या साध्या कूलरला चार काळ्या पिना असतात. त्या घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढा. जुनी पेस्ट कोरड्या सुती कापडानं आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी लावा, कूलरच्या दाबानं ती आपोआप पसरते. परत बसवताना चारही पिना आधी मूळ जागेवर फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन पिना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एक पिन अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूनं उचललेला राहतो आणि तापमान आधीपेक्षा चढतं. बोर्डाच्या मागून बघितलं तर चारही ठिकाणी पांढऱ्या पायांमधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे.

मशीन उघडलंच आहे तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेलही बदला. दर सकाळी तारीख चुकीची दिसत असेल आणि ब्राउझर बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणत असेल, तर हा सेल उतरलेला असतो. ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला की काढून टाका.

वीज: अपग्रेडच्या आधीची चौकशी

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? मग घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेजचा थोडासा प्रवाह अर्थकडे सोडतात. अर्थ तुटलेली असेल तर तोच प्रवाह पत्र्यावर येतो आणि मल्टिमीटरवर १००-११५ व्होल्ट दिसू शकतात. नवीन एसएसडी आणि रॅम अशा मशीनमध्ये बसवणं धोक्याचं. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थही तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत. ही मोजणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडायची जुनी पद्धत आजही बरोबर आहे.

एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं बघून समाधान मानू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. १२ व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतात ते एवढेच. ग्राफिक्स कार्ड नसलेलं घरचं मशीन साधारण शंभर वॅटच्या आतच चालतं, म्हणून असा एसएमपीएसही वर्षानुवर्षं तग धरतो. मशीन कामात असताना मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले तर तूर्त तो राहू द्या. याखाली जात असेल, काम वाढलं की मशीन आपोआप रिस्टार्ट होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर एसएसडीच्याही आधी एसएमपीएस बदला. मरताना तो डिस्क आणि बोर्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. नवीन घेताना ८० प्लस शिक्का असलेला, माहितीतल्या कंपनीचा, ४०० ते ४५० वॅटचा घ्या. पुढच्या मशीनलाही तोच चालेल.

यूपीएस असेल आणि लाइट गेल्यावर दोन मिनिटांतच मान टाकत असेल, तर अख्खा यूपीएस बदलायची गरज नाही. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती सुटी मिळते. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. म्हणून इथं ती दोन-तीन वर्षांतच दमते. यूपीएस भिंतीला आणि कॅबिनेटला चिकटून, उन्हाच्या खिडकीखाली ठेवू नका. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावायचा नाही. तो गरम होताना अचानक जो भार ओढतो तो एवढ्या यूपीएसला झेपत नाही.

एसएसडी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि मशीन अजून फिरत्या डिस्कवर असेल, तर पहिला मोठा खर्च इथंच करा. २.५ इंची साटा एसएसडी घ्या. एच६१ बोर्डावर साटाचा वेग ३ गिगाबिटच असतो, त्यामुळे ५५० एमबीची एसएसडी तिथं २७०-२८० एमबीच देईल. तेवढ्यासाठी मागे हटू नका. रोजच्या कामात जाणवतो तो छोट्या उड्यांचा वेग, आणि तो इथंही भरपूर मिळतो. एच८१ वर काही पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, मॅन्युअल बघून केबल त्यातच लावा.

एनव्हीएमई या पट्टीसारख्या, जास्त वेगवान एसएसडीच्या मोहात जुन्या बोर्डावर पडू नका. तिला लागणारी एम.२ खाच एच६१ आणि एच८१ वर सहसा नसते. पीसीआयई ॲडॉप्टर लावून एनव्हीएमई डेटा डिस्क म्हणून दिसते, पण तिच्यावरून विंडोज सहसा सुरू होत नाही, कारण जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या सॉफ्टवेअरला) ती ओळखताच येत नाही. नव्या बोर्डावर एम.२ खाच असली तरी ती साटाची, एनव्हीएमईची की दोन्हींची ते मॅन्युअलमध्ये वाचूनच घ्या, दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात.

विंडोज आणि सॉफ्टवेअरपुरती २४०-२५६ जीबी पुरते, आणि जुनी डिस्क निरोगी असेल तर ती डेटासाठी राहू द्या. ऐपत असेल तर ४८०-५०० जीबी बरी, कारण एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी लागते. अनोळखी नावाची, नेहमीच्या निम्म्या दरातली १ टीबी एसएसडी घेऊ नका. खोट्या क्षमतेच्या डिस्क बाजारात फिरतात. नवीन डिस्क घरी आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरनं एकदा पूर्ण भरून तपासली की खरंखोटं कळतं.

बसवणं सोपं आहे. गोंधळ होतो तो आधीच्या तयारीत. जुन्या डिस्कवरचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅली असेल तर विंडोज नव्यानं टाकण्याआधी टॅलीमधूनच लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्या विंडोजवर ते चालू करताना अडेल. मराठी टायपिंगच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरची सीडी, डोंगल, की कुठं आहे ते शोधून ठेवा. डिजिटल सही वापरत असाल तर त्या टोकनचा ड्रायव्हर उतरवून ठेवा.

जुनी विंडोज जशीच्या तशी हलवायची असेल तर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, करता येतं. पण क्लोनझिलासारखं साधन नेहमीच्या सेटिंगवर छोट्या डिस्कवर क्लोन करत नाही. ५०० जीबीची डिस्क २४० जीबीवर टाकायला गेलात की एरर येते, आत डेटा १०० जीबीच असला तरी. आधी पार्टिशन आकसावी लागतात. सात-आठ वर्षं साठलेला कचरा सोबत न्यायचा नसेल तर नव्यानं विंडोज टाकणंच बरं, आमचा कौल त्यालाच.

एसएसडीला साटा डेटा केबल आणि एसएमपीएसची चपटी साटा पॉवर लावा. मोलेक्सवरून साटा करणारा साचेबंद प्लॅस्टिकचा स्वस्त कन्व्हर्टर टाळा, तो आतून शॉर्ट होऊन जळतो. जुन्या कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसते. एसएसडीचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, आत हलणारं काही नाही, त्यामुळे दोन स्क्रूंवर किंवा चांगल्या डबल टेपवरही ती बसते. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना ते बघा. आयडीई असेल तर विंडोज टाकण्याआधीच बदला; नंतर बदललं तर निळा स्क्रीन येतो. विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर बूटच्या फाइली कधीकधी तिच्यावरच जातात, आणि पुढे ती डिस्क गेली की एसएसडी ठणठणीत असूनही मशीन सुरू होत नाही. सगळं नीट चाललं की डिस्क परत जोडा आणि बायोसमध्ये एसएसडीला पहिला क्रम द्या.

फिरती डिस्क जाताना कटकट आवाज करते, सूचना देते. एसएसडी बऱ्याचदा न सांगता जाते आणि तिच्यातून डेटा परत काढणं अवघड आणि महाग असतं. घरच्या फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच.

रॅम

मोजणीत रॅम कमी दिसली असेल तर ४ वरून ८ जीबी करा. ब्राउझर, टॅली, एक्सेल, व्हिडिओ कॉल एवढ्याला ८ पुरतात. चादर-टॉवेलचं जॅकार्ड डिझाइन फोटोशॉपमध्ये करणारे, मोठ्या फ्लेक्सच्या कोरल फाइली उघडणारे, यांनी १६ धरावेत. आणि मशीनमध्ये २ जीबीच असेल तर क्रम उलटा: आधी रॅम, मग एसएसडी. एवढ्या कमी रॅमवर विंडोज सतत डिस्कवर पानं टाकत राहतं, ती डिस्क एसएसडी असली तरी.

डीडीआर३, ४ आणि ५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकमेकांत बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नका. दोन स्लॉट असतील आणि ४ जीबीची एक पट्टी आत असेल, तर दुसरी तशीच ४ जीबीची घातली की ८ ही होतात आणि ड्युअल चॅनलही मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या रायझन जी मालिकेच्या मशीनला ड्युअल चॅनलचा मोठा फायदा होतो, कारण तिथं ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र बहुधा चालतात, पण दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं.

२०२५ च्या अखेरपासून रॅमचे दर खूप चढले आहेत, एसएसडीचेही. म्हणून डीडीआर३ वापरलेलीच घ्या आणि लागेल तेवढीच घ्या. ती पुढच्या मशीनला जाणार नाही. एक सापळा मात्र ओळखा: ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेली ८ जीबीची स्वस्त डीडीआर३ पट्टी. तिच्या चिपची रचना वेगळी असते, इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. मशीन काळ्या स्क्रीनवर अडतं आणि बोर्ड गेला असं वाटतं.

नवीन पट्टी लावून डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका. वीज काढा, पट्टीच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कण झटका, स्लॉटमध्ये हवा मारा आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत पट्टी सरळ दाबा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर आली तर पट्टी परत करा. एकच तर आहे, चालून जाईल, असं इथं चालत नाही. ती एक एरर कधीतरी टॅलीच्या डेटात जाऊन बसते.

प्रोसेसर, आणि मशीन सोडायचं की ठेवायचं

याच सॉकेटमधला वरचा प्रोसेसर वापरलेला मिळत असेल तर तो कधीकधी फायद्याचा ठरतो. एच८१ वर पेंटियम किंवा आय३-४१३० च्या जागी आय५-४५७० बसतो, दोनाचे चार कोअर होतात. पण नावांवर जाऊ नका. ११५५ आणि ११५० ही दोन वेगळी सॉकेट आहेत. ११५१ नावाची तर दोन आहेत: सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण चालत नाही. जुन्या एच६१ बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावायचा असेल तर जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करावा लागतो. तो अपडेट यूपीएसवरच करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडतो. एएम४ वाले यात नशीबवान आहेत. ए३२०, बी३५० किंवा बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० पर्यंत जाता येतं. मात्र त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागेल.

ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्यांनी आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनीच बघावं. टॅली आणि ब्राउझर त्यानं तसूभरही जलद होत नाहीत.

आता कळीचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकनं तपासा. म्हणजे चौथ्या पिढीचं मशीन आय५ घालूनही विंडोज ११ ला अधिकृतपणे पात्र होत नाही. फक्त ब्राउझर आणि अभ्यासासाठी असेल तर एसएसडी आणि ८ जीबीवर लिनक्स मिंट टाका, छान चालतं. टॅली आणि श्रीलिपीला विंडोजच लागतं, आणि जीएसटी-बँकेची कामं सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर करू नयेत. अशांनी चौथ्या पिढीत प्रोसेसर आणि रॅमवर खर्च करण्याऐवजी एसएसडी घ्यावी आणि उरलेले पैसे आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड ऑफिस मशीनसाठी बाजूला टाकावेत. एसएसडी त्यात जाईल. डेल, एचपी, लेनोवोच्या अशा मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचे वेगळे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसेलच असं नाही. घेतानाच ते उघडून बघा. बोर्ड बदलायची वेळ आली तर हेही धरा की जुन्या बोर्डाला जोडलेलं ओईएम (मशीनसोबत आलेलं) विंडोज लायसन्स त्याच्याबरोबर जातं.

खरेदी आधी नवी पेठेत किंवा ओळखीच्या दुकानात विचारून करा. पुण्याला किंवा सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण पट्टी खराब निघाली की परतीचं भाडं त्याच्या कितीतरी पट होतं. नवीन मालाचं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वापरलेल्या मालावर निदान सात दिवसांची बदलून देण्याची कबुली बिलावरच लिहून मागा, आणि दुकानातच मशीनला लावून सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचे स्क्रीन बघा.

सगळे भाग एकदम आणलेत तरी एकदम बसवू नका. आधी सफाई आणि पेस्ट, दोन दिवस वापर. मग एसएसडी, पुन्हा दोन दिवस. मग रॅम. तिन्ही एका संध्याकाळी घातले आणि रात्री मशीन अडकलं, तर खोट कुठं आहे ते शोधायला सगळं परत काढावं लागतं, आणि तोवर बदलून घेण्याचे सात दिवस निघून जातात.